प्रश्न क्रमांक सतरा

सावळजच्या शाळेसाठी पुण्याहून खोका आला.
आत पांढरी, मऊ, परदेशी मिठाई,
आणि टाइप केलेली सूचना :
एक आत्ता, की पंधरा मिनिटांनी दोन?
जे मूल थांबतं त्याचं पुढं बरं होतं,
असं कुणीतरी, कुठंतरी मोजलेलं आहे.

एप्रिलच्या उन्हात, एसटीच्या टपावर
त्या मिठाईचा एकच गोळा झाला.
होनमाने मॅडम म्हणाल्या, बेदाणे ठेवू.
तासगाव तालुक्यात.
बेदाणे.

पहिला आला इर्शाद मुजावर. बशीकडं बघून म्हणाला,
"बाई, आमच्या शेडवर पोती हायत."
आणि पंधरा मिनिटं खिडकीतून
टॅंकरभोवतीची भांडणं बघत बसला.
मी तक्त्यात लिहिलं : संयम, उत्तम.
पेन तसंच हातात राहिलं.

मग पल्लवी ऐवळे. दार लागायच्या आत बेदाणा तोंडात.
का गं? थांबली असतीस तर दोन मिळाले असते.
"मागच्या टायमाला एक सर आल्ते.
वजन केलं, उंची घेतली, परत येतो म्हणाले."
एवढंच बोलली.
मी लिहिलं : संयम, कमी.
मग खोडलं.
खोडण्यासाठी फॉर्मात जागा नव्हती.

मोठ्यांचे प्रश्न वेगळे. सतरावा असा :
गेल्या दोन आठवड्यांत आपणांस किती वेळा निराश वाटले?
कधीच नाही, काही दिवस, बहुतेक दिवस, रोज.
सांगलीत हळदीच्या गोदामात शेवंता वायदंडे
चाळण न थांबवता म्हणाल्या,
"निराश न्हाई बा. कधीच न्हाई."
मी खूण केली. पुढचं पान उलटलं.
"पर सांजचं कालवतं. दिवा लावायच्या वक्ताला.
पोरगं गेल्यापास्नं."

कालवतं, याला चौकोन नव्हता.

कॉलेजनं आम्हाला एक खोली दिली,
प्रयोगशाळेच्या मागची, फुटक्या चंचुपात्रांची.
दोन टेबलं, एक कपाट,
कपाटाची किल्ली शिपायाकडं, शिपाई रजेवर.
तिथं मॅडमनी फळ्यावर लिहिलं : कालवणे.
तीन दिवस त्या एका शब्दाभोवती नऊ जण भांडलो.
घोर वेगळा का? हुरहुर कमी की जास्त?
"जीव लागंना" हे रोज असतं, की रोज असलं तर सांगतच नाहीत?
जतच्या महादेवीनं आजीचा एक कानडी शब्द सांगितला,
आम्हाला कुणालाच तो नीट म्हणता येईना,
तरी तोही लिहिला.

माझे वडील मार्केट यार्डात तोलाईदार होते.
पोतं चढवायच्या आधी, रोज, प्रत्येक वेळी,
रिकाम्या काट्याकडं बघत उभे राहायचे.
व्यापारी ओरडायचे, अहो माने, दिवस मावळला.
ते म्हणायचे, काटा आधी शून्यावर येऊ दे.
लहानपणी मला वाटायचं, बाबा हळू आहेत.

दिल्लीहून तक्ता आला, पंधरवड्यात भरून पाठवायचा :
राष्ट्रीय क्षमतावृद्धी. प्रशिक्षित व्यक्तींची संख्या?
नऊ.
विकसित साधने?
मॅडम बराच वेळ गप्प होत्या.
मग म्हणाल्या, लिही, एक प्रश्न.
सतरावा. अजून तपासणं चालू आहे.

जूनमध्ये मी परत सावळजला गेले.
कामाचं काही नव्हतं, खर्च मंजूर नव्हता.
पल्लवी आता पाचवीच्या वर्गात, मागच्या बाकावर.
मी रुमालाची गाठ सोडून दोन बेदाणे पुढं केले.
तिनं आधी माझ्याकडं बघितलं,
मग दोन्ही एकदम तोंडात टाकले.

"लई उशीर केलासा," म्हणाली.